साक्ष संपण्यापूर्वी
(विदर्भातील दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या सैनिकांच्या मुलाखतसंग्रहाची प्रस्तावना)

१९४५ साली जो रंगरूट अठरा वर्षांचा होता, तो आज हयात असेल तर शंभरीला टेकला आहे. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. सक्तीची भरती न करता एवढे मोठे सैन्य त्याआधी जगात कुठेच उभे राहिले नव्हते. उत्तर आफ्रिका, इरिट्रिया, इराक, इटली, मलाया, ब्रह्मदेश अशा आघाड्यांवर ही माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ८७ हजार परतली नाहीत. जी परतली ती शेतावर, गिरणीत, रेल्वेत, विडीच्या कारखान्यात, एखाद्या कचेरीच्या दारावर कामाला लागली. त्यांची लढाई घरच्यांसाठी भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोपुरती उरली. नागपूर, कामठी आणि आसपासच्या जिल्ह्यांतून गेलेल्या अशा माणसांचे बोलणे या पुस्तकात एकत्र केले आहे. जे स्वतः बोलू शकले त्यांचे, आणि जे आधीच गेले त्यांच्या पत्नीचे, मुलांचे, धाकट्या भावंडांचे.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. युद्धातला शेवटचा माणूस आपल्याकडे सापडतो तो बहुधा स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, आणि सापडला की लगेच त्याचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, वर्तमानपत्रात फोटो. त्याला व्यासपीठावर बसवले जाते, पण बोलू दिले जात नाही. बोलू दिलेच, तर आपल्याला जे ऐकायचे असते तेवढेच. या पुस्तकाची भूमिका वेगळी आहे आणि ती मला पूर्ण पटते. हा माणूस साक्षीदार आहे. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे असतात, त्याच्या उत्तरांची छाननी करायची असते, आणि त्याचे म्हणणे गैरसोयीचे असले तरी लिहून घ्यायचे असते.

‘शेवटचा’ ठरण्याचा शौर्याशी काही संबंध नसतो. पहिल्या महायुद्धाचे उदाहरण पाहा. पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेले शेवटचे ब्रिटिश सैनिक हॅरी पॅच २००९ मध्ये १११ व्या वर्षी वारले. आघाडीवर ते १९१७ मधले काही महिनेच होते आणि वयाची शंभरी गाठेपर्यंत त्या महिन्यांबद्दल त्यांनी तोंड उघडले नव्हते. फ्रान्सचे लझार पोंतिचेली २००८ मध्ये गेले. सरकारने देऊ केलेले शासकीय अंत्यसंस्कार त्यांनी आधी नाकारले. पुढे होकार दिला तो मेलेल्या सर्वांच्या नावे साधी मानवंदना व्हावी या अटीवर. मे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात वारलेले क्लॉड चूल्स नौदलातले खलाशी होते. आणि त्यांच्याही नंतर, फेब्रुवारी २०१२ मध्ये, जी अगदी शेवटची व्यक्ती गेली ती फ्लॉरेन्स ग्रीन नावाची बाई. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात त्या वाढपाचे काम करत. चार वर्षे जग जाळणाऱ्या युद्धाची शेवटची साक्षीदार कधी खंदकात गेलेलीच नव्हती.

यात एक पद्धतीचा धडा आहे. कुठल्याही युद्धाचे शेवटचे साक्षीदार हे सगळ्यात उशिरा भरती झालेले, सगळ्यात कोवळे, आणि पुष्कळदा आघाडीपासून दूर असलेले असतात. १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर चढलेला किंवा १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून पायी माघारी आलेला सैनिक आज भेटणे जवळजवळ अशक्य. भेटतो तो १९४४-४५ मध्ये भरती झालेला मुलगा. ट्रक चालवणारा, दारूगोळा उतरवणारा, स्वयंपाकी, सफाई कामगार, इस्पितळातला परिचारक. त्याच्याकडून तोफांचा गडगडाट ऐकण्याच्या अपेक्षेने जो जाईल त्याची निराशा होईल. सैन्य चालते कसे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला मात्र या माणसांइतका चांगला गुरू मिळणार नाही.

आता नागपूरकडे वळू. या शहराला युद्ध नवे नव्हते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांच्या फौजेची कंपनी सरकारशी गाठ पडली. त्यानंतर तिथे किल्ला उभा राहिला आणि १८२१ मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसली. छावणीबरोबर बाजार आला, कारागीर आले, विणकर आले, आणि सैन्यातली नोकरी ही पोटाची एक वाट आहे ही जाणीव आली. नागपूर हे मध्यप्रांत-वऱ्हाडचे राजधानीचे शहर. भरतीची कचेरी, रेल्वेचे मोठे स्थानक, सोनेगावची धावपट्टी या सगळ्यांमुळे दुसरे महायुद्ध इथे दूरची बातमी राहिले नाही.

१९४२ च्या पावसाळ्यात या शहरात जे घडले ते पाहिल्याशिवाय इथल्या सैनिकाची मनःस्थिती कळणार नाही. जुलैमध्ये, १८ ते २० तारखांना, नागपूरच्या मोहन पार्कमध्ये दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. डॉ. आंबेडकर त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. फॅसिझमचा पराभव झाला पाहिजे आणि आपल्या तरुणांनी सैन्यात गेले पाहिजे, ही त्यांची भूमिका उघड होती. महिना उलटला नाही तोच ‘चले जाव’ची ठिणगी पडली. १६ ऑगस्टला चंद्रपूरकडच्या चिमूरला आणि वर्ध्याकडच्या आष्टीला रक्त सांडले. नागपुरात हिंदुस्थान लाल सेना या क्रांतिकारी संघटनेची मुले रस्त्यावर उतरली आणि त्यांतल्या शंकर महाले या तरुणाला पुढे नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. म्हणजे एकाच शहरातला एक तरुण भरतीच्या रांगेत उभा होता आणि दुसरा तुरुंगात जात होता. दोघांनाही आपण देशाचे भले करतो आहोत असे वाटत होते. पुढच्या पिढ्यांनी यांतल्या एकालाच लक्षात ठेवले.

भरतीच्या रांगेतही सगळे एका कारणाने उभे नव्हते. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले ते हिंदू तरुणांना लष्करी शिक्षण मिळावे म्हणून. सावरकरांनीही युद्धकाळात सैन्यभरतीचा जोरदार पुरस्कार केला. महार समाजासाठी प्रश्न निराळा होता. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. काही जातीजमातीच जन्मतः लढवय्या असतात असे मानणारा ‘लढवय्या जमाती’ नावाचा सिद्धांत प्रबळ झाला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही भरती बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे या महार पुढाऱ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. ज्यांच्या घरात ही आठवण जिवंत होती, त्यांना १९४१ ची भरती पगाराइतकीच इभ्रतीची बाब होती.

ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला उभी राहिली आणि दुसरी आपल्या कामठीला. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ आला तो या दुसऱ्या बटालियनमधल्या एका अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. ही बटालियन देशांतर्गत बंदोबस्त करून ब्रह्मदेशात गेली आणि युद्धानंतर इराकमध्ये. पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर होत्या. ऑक्टोबर १९४६ मध्ये ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्र कामठीला आले. ते पुढे सागरला गेले. १९४७ च्या फाळणीत याच पलटणी पंजाब सरहद्द दलात होत्या आणि निर्वासितांच्या काफिल्यांना सोबत करत होत्या. महायुद्धाबद्दल विचारायला गेलेल्याला समोरचा माणूस महायुद्धापेक्षा फाळणीबद्दलच जास्त बोलताना आढळला, तर नवल वाटू नये. सैनिकाची आठवण इतिहासाच्या पुस्तकातल्या प्रकरणांप्रमाणे कापलेली नसते.

विदर्भाचा आणखी एक धागा सहसा सांगितला जात नाही. १९४२-४३ मध्ये ब्रह्मदेशात हार पत्करल्यावर, जंगलातली लढाई शिकवल्याशिवाय सैनिक पुढे पाठवायचा नाही असे लष्कराने ठरवले. त्यासाठी १९४३ मध्ये १४ व्या हिंदी डिव्हिजनचे रूपांतर प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये झाले आणि तिचे ठाणे होते नागपूरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचे छिंदवाडा. सातपुड्याच्या रानात हजारो रंगरूट अंधारात चालायला, पाणी जपायला, आवाज न करता थांबायला शिकले आणि मग इंफाळ-कोहिमाकडे रवाना झाले. १९४४ मध्ये तिथे जपानी फौज मागे रेटली गेली आणि मे १९४५ मध्ये रंगून परत हाती आले. त्या विजयाची एक शाळा आपल्या शेजारच्या जंगलात भरली होती.

इतर मराठी पलटणींची कथा त्या मानाने परिचित आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडगे यांचे स्मारक उभारले. पदक मिळालेल्याचा मागमूस राहतो. ज्याला पदक मिळाले नाही, त्याच्यासाठी या पुस्तकासारखा खटाटोप करावा लागतो.

या युद्धावर आजवर जे लिहिले गेले त्याचे साधारण पाच प्रवाह दिसतात.

पहिला सरकारी. डॉ. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली भारत आणि पाकिस्तानच्या संयुक्त विभागाने हिंदी सैन्याच्या महायुद्धाचा अनेक खंडांचा इतिहास सिद्ध केला. मोहिमा, नकाशे, रसद, आकडे यांसाठी त्याला पर्याय नाही. शिपाई मात्र त्यात संख्या म्हणून येतो. दुसरा प्रवाह पलटणींच्या इतिहासांचा आणि अधिकाऱ्यांच्या आत्मचरित्रांचा. व्ही. लाँगर यांचा महार रेजिमेंटचा इतिहास किंवा ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगावच्या लढाईत बटालियनचे नेतृत्व केलेले जनरल एस. पी. पी. थोरात यांचे आत्मकथन ही त्याची चांगली उदाहरणे. पलटणीचा अभिमान हे या लेखनाचे बळ आणि तीच त्याची मर्यादा.

तिसरा प्रवाह राष्ट्रवादी. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला आणि आझाद हिंद फौज घराघरात पोचली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केले. त्याच महिन्यात जबलपूरला सिग्नल्सच्या जवानांनी संप केला. या घटनांनी साम्राज्याचा पाया हलला हे खरे. पण त्या प्रकाशझोतात एक सोपी विभागणी तयार झाली: नेताजींबरोबर गेलेला तो देशभक्त आणि गोऱ्याच्या पलटणीत राहिलेला तो भाडोत्री. युद्धकैद्यांच्या छावणीत कोणत्या भुकेपोटी, कोणत्या निष्ठेपोटी, कोणत्या मित्राच्या सांगण्यावरून कोण कुठे गेला, हे या विभागणीत मावत नाही.

चौथा प्रवाह दलित इतिहासलेखनाचा. सैन्यातली नोकरी म्हणजे साक्षरता, नियमित पगार, बूट घालून गावात चालण्याचा हक्क, आणि परतल्यावर चळवळीला मिळालेली शिस्तीची माणसे, असा अर्थ या लेखनाने लावला. नागपूर-कामठीच्या आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करणाऱ्याला हा धागा सोडता येत नाही. पाचवा प्रवाह गेल्या दोन दशकांतला. डॅनियल मार्स्टन, यास्मिन खान, श्रीनाथ राघवन, रघू कर्नाड यांच्या पुस्तकांनी महायुद्ध हे भारताच्या अर्थव्यवस्थेचे, दुष्काळाचे, शहरांचे, कुटुंबांचेही युद्ध होते हे दाखवले. ही पुस्तके मुळात इंग्रजीत आहेत. मराठीत या विषयावर शिपायाच्या बाजूने लिहिलेले फार थोडे.

शिपायाचा आवाज टिकवण्याच्या पद्धतीलाही स्वतःचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ छावणीतल्या हिंदी कैद्यांचे आवाज जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रित केले. त्यांना हवे होते उच्चार आणि बोली. त्या माणसाचे काय झाले, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्याच काळात फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी पाठवलेली पत्रे लष्करी सेन्सॉरने उघडून त्यांचे उतारे भाषांतरित केले. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतून मोठे संकलन काढले. म्हणजे सामान्य शिपाई आपल्यापर्यंत पोचला तो पाळत ठेवणाऱ्यांच्या दप्तरातून. पुढे अमेरिकेत स्टड्स टर्केल यांनी आणि सोव्हिएत संघात स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी सामान्य माणसांच्या तोंडून युद्ध सांगण्याची रीत रुजवली. अलेक्सिएविच यांनी युद्धात लढलेल्या बायकांना बोलते केले, तेव्हा शौर्यकथेखाली दडलेली भूक, लाज, वास, थंडी असे सगळे वर आले. प्रस्तुत पुस्तकाची नाळ या परंपरेशी जुळते.

अशा साक्षींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: आठ दशकांनंतरची आठवण किती भरवशाची? आक्षेप रास्त आहे. भरतीच्या वेळचे वय पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते. गावांची नावे बदललेली, अधिकाऱ्यांची नावे कानावर पडली तशी लक्षात राहिलेली. चित्रपटात पाहिलेले आणि स्वतः पाहिलेले कधी कधी एकमेकांत मिसळते. संपादकांनी यावर योजलेला उपाय साधा आणि प्रामाणिक आहे. जिथे कागद मिळाला तिथे डिस्चार्ज सर्टिफिकेट, पदके, पलटणीच्या नोंदी यांच्याशी बोलणे ताडून पाहिले आहे. जुळले नाही तिथे ते दुरुस्त न करता तफावत दाखवून दिली आहे. तारीख चुकली म्हणून साक्ष खोटी होत नाही. घरून आलेले पत्र कुणी वाचून दाखवले, पंगतीत शेजारी कोण बसले, पहिला पगार कशावर खर्च झाला, ही माहिती कुठल्याही दप्तरात नाही, आणि ती चुकण्याचे कारणही फारसे नाही.

या बोलण्यांतून वारंवार वर येणारा एक विषय म्हणजे पेन्शन. युद्धापुरती भरलेली लाखो माणसे १९४५ नंतर सैन्यातून कमी केली गेली. शिपायाच्या निवृत्तिवेतनाला पंधरा वर्षांची नोकरी लागते. यांची झाली तीन-चार वर्षे. शिवाय ज्या सरकारसाठी ते लढले ते निघून गेले आणि जे सरकार आले त्याच्या स्वातंत्र्यकथेत त्यांना जागा नव्हती. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली. आझाद हिंद फौजेचे सैनिक तिच्यात आले आणि ते योग्यच झाले. पलटणीत राहिलेला मात्र बाहेर राहिला. महाराष्ट्र शासन निवृत्तिवेतन नसलेल्या महायुद्धातील सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान देते; ते मिळवण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवावे लागतात. ज्यांनी कागद पुरात, आगीत, घरबदलीत गमावले त्यांची लढाई टेबलांवर चालू राहिली. इतिहासाने विसरणे आणि कचेरीने विसरणे या दोन गोष्टी वाटतात तेवढ्या वेगळ्या नाहीत. या पुस्तकातल्या स्त्रियांच्या मुलाखती मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या याच कारणाने. नवरा युद्धावर असताना मनीऑर्डरीवर घर चालवणारी आणि नंतर अनुदानाच्या फॉर्मवर अंगठा उठवणारी एकच बाई आहे.

हे पुस्तक काय करत नाही, तेही सांगायला हवे. विदर्भातून किती माणसे गेली याचा हिशेब ते मांडत नाही. कुणाला वीर ठरवत नाही, कुणाकडून देशभक्तीचे प्रमाणपत्र मागत नाही. साम्राज्याच्या सैन्यात का गेलात, हा प्रश्न मात्र ते प्रत्येकाला विचारते. पोटासाठी, मोठ्या भावाच्या मागे, बाबासाहेबांनी सांगितले म्हणून, गावातल्या सावकाराच्या त्रासाला कंटाळून, रेल्वे आणि समुद्र पाहायला मिळेल म्हणून, अशी उत्तरे येतात. वाचकाने ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. निष्कर्ष काढण्याची घाई संपादकांनी केलेली नाही. वाचकानेही करू नये.

मग हे आत्ताच का? कारण उरलेला वेळ मोजका आहे, हे तर खरेच. दुसरे कारण असे की पुढची रांग याच दारात उभी आहे. आज कामठी म्हटले की ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र डोळ्यांसमोर येते. याच रेजिमेंटच्या १४ व्या बटालियनचे लान्स नाईक अल्बर्ट एक्का डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरच्या लढाईत पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ पाहिलेले जवान, वाहनचालक, तंत्रज्ञ, परिचारिका या शहरात आणि परिसरात राहतात. १९७१ साली जो वीस वर्षांचा होता त्याने पंचाहत्तरी गाठली. त्याची स्मृती अजून तल्लख आहे, कागद अजून पेटीत आहेत, सोबती अजून फोनवर भेटतात. महायुद्धाच्या सैनिकांना विचारायला आपण पन्नास वर्षे उशीर केला. तीच दिरंगाई पुन्हा करायला आपल्याकडे काही सबब नाही.

म्हणून वाचकाला एक विनंती. पुस्तक मिटल्यावर घरातली जुनी ट्रंक उघडा. डिस्चार्जचा कागद, पेबुक, पत्र, फोटो जे मिळेल त्याची स्वच्छ प्रत काढून ठेवा. महायुद्धातले पदक सापडले तर त्याची कडा आणि मागची बाजू भिंगाखाली पाहा; हिंदी सैनिकांच्या पदकांवर पुष्कळदा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि तेवढ्यावरून शोधाला सुरुवात करता येते. घरात किंवा शेजारी मिलिटरीत राहिलेले कुणी आजोबा, काका, आजी असतील तर त्यांच्याजवळ बसा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि शौर्याबद्दल विचारू नका. भरतीला कुणाबरोबर गेलात, पहिल्या दिवशी काय खाल्ले, पगार किती होता, परत आल्यावर गावाने कसे वागवले, एवढे विचारा. मध्ये बोलू नका. ध्वनिमुद्रणाला तारीख आणि नाव घालून दोन ठिकाणी जपून ठेवा. सत्कार नंतर करता येईल.